टेप चालू हाय

आमच्या चर्चमध्ये खोकायला याकोबमामांची परवानगी लागायची. ही थट्टा नाही. उपदेश चालू असताना घशात खवखवलं, तर पहिल्या बाकाच्या टोकाला बसलेल्या मामांकडे बघायचं. ते डोळे मिटून मानेनंच नको म्हणायचे. गीत सुरू झालं की वळून हाताने खूण करायचे, आणि मग अख्खी मंडळी पहिल्या कडव्यातच मनसोक्त खोकून घ्यायची. पेटीवर मी असायचो. एवढ्या खोकल्यात सूर धरून ठेवणं काय असतं, ते माझं मला ठाऊक.

"कावून खोकता? टेप चालू हाय," हे मामांचं ठरलेलं वाक्य. मोठ्याने कधी म्हणायचे नाहीत, कारण टेप चालू असायचा. नुसते ओठ हलायचे, पण शेवटच्या सतरंजीपर्यंत कळायचं.

मी पाटोद्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आलो, तेव्हा गावात डिशच्या छत्र्या नुकत्या उगवायला लागल्या होत्या आणि स्टँडसमोर पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकानं झाली होती. सगळ्या गावाला नव्या यंत्रांचं वेड लागलं होतं. मामांकडे एकच यंत्र होतं, आणि त्यापायी त्यांनी आम्हा सगळ्यांना वेडं करून सोडलं होतं. मामा रिटायर झालेले वायरमन. जन्म खांबावर गेला, त्यामुळे रस्त्याने चालतानासुद्धा वर बघत चालायचे आणि लोकांवर आदळायचे. रिटायर होताना सोबतच्या लोकांनी त्यांना टेपरेकॉर्डर भेट दिला. तो घरी कोनाड्यात झाकून ठेवलेला होता. मग मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. बायकांच्या बाजूला खिडकीखाली बसणाऱ्या मामी खाटेला खिळल्या आणि त्यांचं चर्च सुटलं. पुढच्याच रविवारी मामा टेपरेकॉर्डर काखेत मारून उपासनेला आले.

तेव्हापासून नेमच झाला. सकाळी उपासना टेप करायची आणि दुपारी खाटेजवळ लावायची. मामींना चर्च म्हणून आता तेवढंच उरलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सुरुवातीला कोणी हूं की चूं केलं नाही.

पण मामा पडले वायरमन. कामात खरखर म्हणून खपायची नाही. त्यांच्या बाकाशेजारी एक स्टूल, स्टुलावर गोधडीची घडी, तिच्यावर टॉवेल, त्यावर टेप. लाईट जायची म्हणून सहा सेल घातलेले. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपायची, आणि नेमकी प्रार्थनेत संपायची. मामा हात वर करायचे. तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, गरीब माणूस. ते रोजची भाकर मागता मागता थांबायचे. कॅसेट उलटी होईपर्यंत सगळी मंडळी डोळे मिटून, हात जोडून तशीच उभी. मामा बटण दाबून मान हलवायचे, मग पुढचं मागणं.

आणखी एक छळ आमेनचा. शेवटचा आशीर्वाद झाला की लगेच आमेन म्हणायची सोय नव्हती. मामा एक बोट वर धरायचे. आम्ही ताटकळत उभे. बायकांना चुलीवरचं आठवायचं, पोरं एकमेकांना चिमटे काढायची, आणि मामांचं बोट काही खाली येत नसे. ते खाली आलं की मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, मशीनला थोडा दम लागतो." मला यंत्रातलं काही कळत नाही. मी ते खरं मानलं.

पुढे पुढे त्यांची शिस्त वाढतच गेली. माझं घड्याळ दर तासाला टूं टूं वाजायचं. ते त्यांनी दारातच काढून घेतलं आणि ज्वारीने भरलेल्या डब्यात पुरलं. तरी दहाच्या ठोक्याला डब्यातली ज्वारी वाजायची. मग डबा बाहेर गेला. चर्चला लागून वीरभद्रअप्पांचं किराणा दुकान होतं. अप्पा बरोबर उपदेशाच्या वेळी शटर वर करायचे. मामा एका शनिवारी तेलाचा डबा घेऊन गेले आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत तेल सोडून आले. अप्पा मला म्हणाले, "तुमचा याकोबा लई अवघड माणूस हाय बे. त्यानं तेल घातल्यापास्नं दुकान उघडल्याचं गिऱ्हाइकाला कळंना."

इथवर हसण्यासारखं होतं. पण शांताबाईंचं जे झालं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शांताबाई म्हणजे चर्चमध्ये पूर्वी मामींच्या शेजारी बसणारी म्हातारी. तिला दमा. तिचा खोकला गीताची वाट बघायचा नाही. मामांनी तिला आधी मागे बसवलं, मग दाराबाहेर पायरीवर. दोन रविवार ती पायरीवर बसली आणि तिसऱ्या रविवारी आलीच नाही. रूथसारख्या लेकुरवाळ्या बायकाही घरी राहू लागल्या. चर्च इतकं शांत झालं, की मला आत जायला नको वाटायचं. माणसं जमलीत असं वाटतच नसे.

त्याच सुमाराला नवे, तरुण पाळकसाहेब आले. ते सोबत अँप्लिफायर, दोन माईक आणि बटण दाबलं की आपोआप ठेका धरणारं एक वाजायचं यंत्र घेऊन आले. माझी पेटी कोपऱ्यात गेली. स्पीकरमधून सतत घूं घूं यायचं. मामांच्या टेपवर तेवढंच उमटायला लागलं. मामांनी अँप्लिफायरची वायर काढली. पाळकसाहेबांनी लावली. मामांनी पुन्हा काढली. "देव बहिरा न्हाई," मामा म्हणाले. "पण मागच्या रांगा आहेत," पाळकसाहेब म्हणाले. मागच्या रांगा रिकाम्या आहेत, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही.

शेवटी एका रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक झाली. उपासनेत लोकांचं ध्यान देवाकडे नसून टेपकडे असतं, तेव्हा पुढच्या रविवारपासून टेप बंद, असं ठरलं. हात मीही वर केला होता. ज्वारीच्या डब्याचा राग माझ्या मनात होता, हे कबूल करतो. निरोप सांगायला कोण जाणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी त्याच रविवारी दुपारी मामांच्या घरी गेलो. टेप चालू होता. मामींच्या डोक्यावर पदर नीट घेतलेला. तो मामांनीच घेतलेला असणार. मला बघून मामा चहा ठेवायला मागच्या पडवीत गेले. मी मनात वाक्यं जुळवत बसलो. मामींनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"मास्तर," त्या अडखळत म्हणाल्या, "खरं सांगा. शांताबाई कदी मेली?"

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "शांताबाई? ती आहे की, मामी."

"मंग खोकत कावून न्हाई? लई दिस झालं, तिचा खोकला न्हाई." त्या दम घ्यायला थांबल्या. "रूथचं लेकरू रडत न्हाई. ते बी गेलं का? अप्पाचं दुकान बसलं का काय, शटर बी न्हाई वाजत. तुमचं घड्याळ न्हाई, आता पेटी बी न्हाई. मला वाटलं, मास्तर बी..." त्यांनी माझा हात चाचपला. "डाक्टरनं यांना सांगितलंय, हिला वाईट काई सांगू नका. म्हणून मी यांना इचारत न्हाई. एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करती नुसती. मंडळीत आता कोण कोण उरलंय?"

दोन वर्षं तो माणूस एकेक आवाज वेचून काढत होता, आणि इथे ही बाई आम्हा एकेकाला मेलेलं धरत होती. तेही त्याला कळू न देता, एकटीने.  मागे बघितलं तर मामा दारात कपबश्या घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तेवढ्यात टेपमध्ये आशीर्वाद संपला आणि ती आमची ताटकळण्याची शांतता आली. मामी ओठ हलवायला लागल्या. "आ..." बराच वेळ नुसता आ. मग जीभ ओढून "...मे..." शेवटचा 'न' जिभेवर आला आणि त्याच क्षणी टेपमधून अख्ख्या मंडळीचा आमेन आला. मामींचा आमेन आमच्याबरोबर संपला. यंत्राला कसला दम लागत होता, ते मला तेव्हा कळलं.

मी निरोप न सांगताच घरी आलो. पंचांना म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही, तुमच्यापैकी कोणी जा. आणि मामींनी काय विचारलं, आमेनला मामा आम्हाला कोणासाठी थांबवतात, तेही सांगितलं. कोणी गेलं नाही.

पुढच्या रविवारी मामा स्वतः शांताबाईला हाताला धरून घेऊन आले आणि त्यांनी तिला स्टुलाजवळ बसवलं. "आक्का, माझं चुकलं. आता खोका," म्हणाले. त्या दिवशी नेमका तिला खोकला येईना. मामा उपदेशभर तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी आला, आणि बराच वेळ थांबला नाही. दहाला माझ्या मनगटावर घड्याळ वाजलं. अप्पांच्या शटरच्या पट्ट्यांतलं तेल मामांनी आदल्या दिवशी रॉकेलने पुसून काढलं होतं, शटरही करकरलं. रूथचं लेकरू रडलं. पाळकसाहेबांनी स्पीकर लावलाच नाही. मला म्हणाले, "मास्तर, पेटी घ्या."

दुपारी मामींनी ती कॅसेट तीन वेळा ऐकली, असं मामांनी मला सांगितलं. प्रत्येक खोकल्याला नाव घेऊन सांगत होत्या. शांताबाईचा आला तेव्हा रडल्या.

असे चार रविवार त्यांना मिळाले. पाचव्याच्या आधी त्या गेल्या.

माती देऊन झाल्यावर मामा मला म्हणाले, "मास्तर, दोन वर्सं तिला समदी मंडळी ऐकवली. तिचा आवाज तेवढा धरून ठेवायचा राहिला. घरी कदी ते बटण दाबायचं सुचलंच न्हाई बघा."  मी त्यांच्याजवळ उभा राहिलो.

त्या रविवारी मामा रिकाम्या हाताने आले आणि शेवटच्या सतरंजीवर बसले. स्टूल तिथेच होतं, वर गोधडीची घडी. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. तो संपला आणि कोणीच आमेन म्हणालं नाही. टेप नव्हता, कोणाचं बोटही वर नव्हतं. तरी सगळी मंडळी डोळे मिटून उभी राहिली. पोरंसुद्धा.

मामांनी मान वर केली. सगळे कशासाठी थांबलेत, हे त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि आमेन म्हणायला सुरुवात केली. त्यांना तो म्हणायला मामींइतकाच वेळ लागला. तो पुरा होईपर्यंत आम्ही थांबलो.

मग आम्ही म्हटलं.