केक आणि चाळीस नंबर

कॅम्पर, म्हणजे आमचं चाकांवरचं झोपायचं घर, गाडीमागे जोडून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला बर्ड्सव्हिलचा कच्चा रस्ता कसा पार करायचा, हे मला कुणी शिकवू नये! नोरीन आणि मी तो रस्ता इतक्या वेळा केलाय की तिथले खड्डेसुद्धा आम्हाला ओळखत असतील. बायको गेली म्हणून नवरा काही गाडी चालवायला विसरत नाही.

हे मी आमच्या मुलीला, ब्रॉन्विनला, ठणकावून सांगितलं. तिचं म्हणणं होतं की या वयात एकट्याने वाळवंटात हिंडणं पुरे, कॅम्पर विकून टाकू, गिऱ्हाईक तयार आहे. बरीच वादावादी झाल्यावर ठरलं ते असं: मी कॅम्पर घेऊन पुढे निघायचं, तिने तिच्या गाडीतून मागे यायचं. नदीकाठच्या मुक्कामापर्यंत काही घोळ न घालता पोचलो तर कॅम्पर माझा. घोळ घातला तर गिऱ्हाइकाचा.

निघताना तिने स्वतः केलेल्या फ्रूटकेकचा डबा माझ्या हातात दिला. मी तो शेजारच्या सीटवर, नोरीनच्या टोपीजवळ ठेवला. टोपी तिथेच असते. रेडिओचा माइकही तिथेच कुठेतरी पडला होता. या रस्त्यावर सगळे गाडीवाले रेडिओच्या चाळीस नंबरच्या चॅनेलवर बोलतात. माइकचं बटण दाबलं की आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, सोडलं की त्यांचं आपल्याला. मागून येणारा ट्रक सांगतो, पुढे जाऊ द्या, की आपण बाजूला व्हायचं. एवढं सोपं!

डांबर संपलं, लाल धूळ उडाली आणि मला इतका आनंद झाला की मी गायला लागलो. लांबवर एमूंची रांग धावत होती. ती टोपीला दाखवली. मग गप्पाच सुरू झाल्या. नोरीनला सांगितलं की कच्च्या रस्त्यासाठी टायरची हवा कमी करायची राहिलीच, पण पोरीला कळू द्यायचं नाही. केक इतका जड झालाय की उतारावर चाकाला अडसर म्हणून लावता येईल, हेही सांगितलं. रेडिओवर चिटपाखरू नव्हतं. सगळा रस्ता आपल्या दोघांचाच, म्हटलं.

मागे धुळीत कुणीतरी सारखा भोंगा वाजवत होतं. ओळखीचं असेल म्हणून मी खिडकीतून हात हलवला आणि दुसरं गाणं धरलं.

गाणं संपल्यावर मी तिला अजून एक गोष्ट सांगितली. घरात मला झोप येत नाही. पलंग फार मोठा वाटतो. म्हणून रोज अंगणात कॅम्पर उघडतो आणि त्यात झोपतो, माझ्याच बाजूला, तुझी बाजू मोकळी ठेवून. ब्रॉन्विन तो विकायचा म्हणते. विकला तर मी झोपू कुठे?

पेट्रोल आणि चहापाण्यासाठी थांबायचं रोडहाऊस आलं. मी ऐटीत वळण घेतलं. ओट्यावर सातआठ माणसं उभी होती आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. माझ्यामागून तीन डबे जोडलेला ट्रक आत शिरला. त्याचा केव्ह नावाचा धिप्पाड ड्रायव्हर खाली उतरून थेट माझ्याकडे आला.

"काका," तो म्हणाला, "पुढे जाऊ द्या म्हणून घसा सुकला माझा. पण नोरीनकाकूंशी बोलणं संपेल तेव्हा ना! दुसरं गाणं तेवढं बरं होतं."

मी गाडीत डोकावून पाहिलं. केकचा डबा माइकच्या बटणावर ठाण मांडून बसला होता. म्हणजे माझं सगळं बोलणं बाहेर, आणि बाहेरचं एक अक्षर आत नाही! रोडहाऊसवाल्या बाईने न विचारता चहाचा कप आणून दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेली.

तेवढ्यात ब्रॉन्विनची गाडी आली. तिच्याकडेही रेडिओ होताच. ती उतरली तेव्हा तिचे डोळे लाल होते. धूळ गेली, म्हणाली.

"बाबा, रोज अंगणात झोपता?"

"थंडी नसते फारशी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आईला सांगितलं होतं."

ती कॅम्परच्या चाकाशी उकिडवी बसली आणि टायरमधली हवा सोडायला लागली. एक चाक झालं, दुसरं झालं. मग हात झटकत उठली.

"गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवते. मात्र तो केक तुम्ही एकट्याने संपवायचा."

आनंदाने मी केव्हला मिठीच मारली. बिचारा अवघडला.

ऊन असतानाच नदीकाठी पोचलो. जागा छान होती, फक्त जरा उतरती. कॅम्परच्या चाकाला अडसर हवा होता. माझी नजर केकच्या डब्याकडे गेली. ब्रॉन्विनची नजर माझ्याकडे.

मी मुकाट्याने दगड शोधायला गेलो.