आईच्या गोळ्या, सरकारच्या गोळ्या

दाढी करताना हनुवटीवर तिळाएवढं कापलं आणि प्रमोद रामटेके इंग्लंडातल्या, बेसिंगस्टोकच्या आपल्या बाथरूममध्ये अर्धा तास बेसिनवर वाकून उभा राहिला. रक्त थांबेना. टॉयलेट रोल संपला, टॉवेल लाल झाला.

“बकरा कापलाय का आत?” बायकोनं, धम्मशीलानं, दार ठोठावलं. “उद्या फ्लाइट आहे अहो!”

फ्लाइट नागपूरची. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. डॉक्टर बरं झाल्यावर घरी पाठवतात, तसे हात टेकल्यावरही पाठवतात. हे दुसरं होतं.

पायात गुठळी झाल्यापासून प्रमोद रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायचा. धम्मशीलानं त्याला तसाच क्लिनिकमध्ये नेलं. नर्सनं त्याच्या बोटाला टोचलं, मशीन पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. इंग्रज माणसानं खुर्ची जवळ ओढली की समजावं, मेलो.

“रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा तीनच्या आत हवा, मिस्टर रामटेके. सहा आलाय. नवीन काही घेताय?”

“नथिंग.”

“खोटं कशाला बोलता?” धम्मशीलानं पर्समधून पाकीट काढून टेबलावर आपटलं. “धिस! हिज मदर सेंड्स!”

महिन्यापूर्वी इथल्या सरकारी डॉक्टरनं कोलेस्टेरॉलची फुकटची गोळी सुरू केली होती. आईला कळलं. फुकटच्या औषधात खडू असतो, असं तिचं ठाम मत. तिनं जवळच्या रीडिंग गावी येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर नागपूरची कोलेस्टेरॉलची गोळी धाडली. प्रमोदला दोन्हींपैकी एकही टाकवेना. सकाळी सरकारची, रात्री आईची. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या या गाढवानं दोन पाकिटं एकदाही शेजारी ठेवून वाचली नव्हती.

नर्सनं वाचली. “नावं वेगळी, औषध एकच. तुम्ही डबल डोस घेताय. त्यानं रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढलाय.”

“आणि उद्याची फ्लाइट?”

“नाही. आकडा खाली येईपर्यंत नाही.”

घरी येऊन त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आईचा चेहरा उशीत बुडाला होता.

“निघाला का रे बाबू?”

“उद्या नाही जमत, आई. डॉक्टर सोडत नाहीत.”

“मी धाडलेल्या गोळ्या घेऊन राहिला ना?”

धम्मशीला फोनकडे झेपावली. प्रमोदनं तिचं मनगट धरलं. हनुवटीवरचा कापूस पुन्हा लाल व्हायला लागला होता.

“रोज घेतो, आई.”

“घेत जा. तिथल्या लोकांवर भरवसा नको ठेवू.” तिला धाप लागली. “आणखी दोन पाकिटं उशाखाली ठेवून राहिली तुझ्यासाठी. पण लवकर ये. त्याच्यावर तारीख असते म्हणतात.”