साहेब येऊन राह्यले

त्या एका वाक्यातून विमलताईंना मिळायचं होतं ते एवढंच: रामीबाईचं तोंड पंधरा दिवस बंद. त्यापायी खर्ची पडणार होती एक लहानशी थाप. सौदा इतका परवडणारा होता की कापूस वेचता वेचता, वाकल्या वाकल्याच त्यांनी तो करून टाकला.

रामीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिचं वावर विमलताईंच्या वावराला लागून, म्हणून दोघींची मैत्रीही बांधावर आणि भांडणही बांधावर. त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय व विमलबाई, तुह्या गोपालनं गावचा रस्ता टाकला वाटते? तीन दिवाळ्या झाल्या. माहा संजय पुण्याहून पोळ्याले येते, दिवाळीले येते."

"पुण्याहून कोनी बी येते," विमलताई म्हणाल्या. "माहा गोपाल एकटा येत नाही म्हणून उशीर हाय. राजदूत साहेबाले घेऊन येऊन राह्यला. आपला कापूस पाहाले."

रामीबाईचं तोंड खरंच बंद झालं. तांड्यावर पोचेपर्यंत बंद होतं.

गोपाल परदेशात, आपल्या वकिलातीत होता. तिथलं बातम्यांवर नजर ठेवणारं ऑफिस तो चालवायचा. हाताखाली दोघं. तिघांनी पहाटेपासून त्या देशाचे पेपर वाचायचे, रेडिओ ऐकायचा, टीव्ही बघायचा, आणि भारताचं नाव आलं की ती बातमी उचलून, तिचं भाषांतर करून सकाळी आठच्या आत राजदूतांच्या टेबलावर ठेवायची. तिथले आठ म्हणजे इथले साडेबारा. टिपण टेबलावर गेलं की गोपाल घरी फोन करायचा, आणि फोन झाल्याशिवाय विमलताई भाकर मोडत नसत. "दुसऱ्याचे पेपर वाचते माहा पोरगा," असं त्या सांगत. "हेरगिरी हाय ते," असं मारोतराव सांगत. चाळीस वर्षांच्या संसारात या नवरा-बायकोचं कशावर एकमत झाल्याचं गावाच्या कानावर नव्हतं. पऱ्हाटीला पाणी कधी द्यावं इथपासून आज बुधवार आहे की गुरुवार इथपर्यंत.

संध्याकाळी थापेची हकीकत ऐकून मारोतरावांनी कपाळावर हात मारला. "कायले फेकली अशी? आता साहेब कुठून आनशीन?"

"एकट्या रामीबाईलेच सांगतलं जी."

"मंग सरळ तालुक्याले सांगतलं म्हन ना!"

मारोतरावांचा अंदाज दोन दिवसांनी चुकला. तालुक्याला नव्हे, रामीबाईनं धम्मरत्नला सांगितलं होतं. धम्मरत्न उमरखेडला झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि एका पेपराला बातम्या पाठवायचा. माणूस प्रामाणिक, खात्री केल्याशिवाय ओळ छापत नसे. चौथ्या दिवशी त्याची बातमी आली: 'कापूस पाहणीसाठी राजदूत उमरखेड तालुक्यात'.

मग गाव कामाला लागलं. सरपंचांनी तीन वर्षं कागदावर पडलेला मुरूम एका दिवसात रस्त्यावर पडलेला दाखवला. शाळेच्या मास्तरांनी मुलींकडून स्वागतगीत बसवून घेतलं. रामीबाईनं पेटीतला आरशांचा फेटिया, तांड्यावरचा घेरदार घागरा, काढून उन्हात घातला आणि स्वागताची मुकादमी आपणहून घेतली. रोज बांधावरून नवा प्रश्न. "साहेब मटन खाते का वांगं? खाली मांडी घालून बसते का त्याले खुर्ची लागन?"

"मांडी घालते," विमलताई म्हणायच्या. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर एका रामीबाईपुढे मान खाली गेली असती. आता सरपंच, मास्तर आणि बावीस मुली वाढल्या होत्या.

शुक्रवारी साडेबाराला फोन आला नाही. एक वाजला, दोन वाजले. भाकर टोपल्यात वाळत गेली. अडीचला फोन वाजला तेव्हा मारोतराव ओसरीवर दोर वळत बसले होते; विमलताईंनी त्यांच्याजवळच बसून स्पीकर लावला.

"आई, जेवली का?"

"तुहा फोन नाही तर जेवू कशी? आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"काही नाही. एक घोळ झाला." गोपालनं श्वास घेतला. "इथं सुताच्या व्यापाऱ्यायचा एक पेपर हाय. त्यानं छापलं का आमचे राजदूत विदर्भात कापूस पाहाले चालले. आमचा नियम हाय, एका पेपरावर भरोसा करायचा नाही. म्या दुसरीकडं शोधलं, तर आपल्या मराठी पेपरात तेच! अख्ख्या ऑफिसात मराठी मले एकट्यालेच येते. मोठ्या ऐटीत एक नंबरवर लावली बातमी."

"मंग?"

"मंग काय. साहेबानं चहा पेता पेता वाचलं का ते स्वतः यवतमाळ जिल्ह्यात चालले. सुताचे व्यापारी फोनावर फोन करून राह्यले, आमाले बी संग न्या म्हणून. आता समजलं, त्या सुताच्या पेपरानं बी आपल्याच मराठी पेपरातून उचलली होती. दोन बातम्या नव्हत्याच आई. एकच होती, फिरून आल्ती."

"अन् तू एवढा शिकलेला. तुले कसं नाही समजलं?"

मग गोपाल म्हणाला, "समजाले पाहिजे होतं. पण उमरखेड तालुका वाचलं, अन् वाटलं, साहेब जाऊन राह्यले तर मलेही संग नेतीन. दहा दिवसाच्या सुटीचा अर्ज देल्ला हाय म्या. दिवाळीपासून त्यायच्याच टेबलावर पडला हाय. आता त्याच्यावर हा कागद जाऊन बसला."

विमलताईंच्या आता ध्यानात आलं. पोरगा यायला निघालेला होता. त्याच्या वाटेत दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच धोंडा टाकला होता.

"गोपाल, लिहून घे," त्या म्हणाल्या. "ते सारं म्याच बोलली. रामीबाईजवळ. माह्यं नाव दे साहेबाले, मी बोलतो त्यायच्याशी. हिंदीत बोलतो."

"तू?" गोपालला हसावं की रडावं कळेना. "पण धम्मरत्नले म्या आत्ताच फोन केल्ता. तो म्हणे, गावातल्या एका जबाबदार माणसाकडून खात्री करून मंगच छापली. नाव नाही सांगत."

ओसरीवरचा दोर थांबला.

"तो जबाबदार माणूस," मारोतराव खाकरले, "मी व्हय."

"तुमी?" ओसरीवर आणि परदेशात एकदमच विचारलं गेलं.

"त्याचा फोन आल्ता. काका, खरं हाय का, म्हणे. नाही म्हणतो तर हिले साऱ्या गावात खोटी पाडा लागते." मारोतराव दोराकडे बघत होते. "म्हणलं, हो. येऊन राह्यले."

विमलताई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं असं काहीतरी बोलावंसं वाटलं. बोलल्या मात्र एवढंच, "पीळ उकलून राह्यला तुमचा. दोराचा."

दुसऱ्या दिवशी गोपालनं साहेबांना दिलेला खुलासा फोनवर वाचून दाखवला. 'बातमीचे मूळ सांगणारे दोघे असून एकाच घरात राहतात. तथापि चाळीस वर्षांत त्यांचे कशावरही एकमत झालेले नसल्यामुळे वार्ताहराने त्यांना स्वतंत्र धरले, यात त्याचा दोष नाही. दोष माझा. मला घरी जायचे होते.'

त्यानंतर दोन दिवस फोन नाही. विमलताई वेचणीला गेल्या नाहीत. मारोतराव गेले आणि निम्मा कापूस बोंडातच ठेवून आले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मारोतरावांना खरी काळजी लागली.

तिसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला फोन. "आई, हुकूम निघाला. साहेब म्हणे, बातमी जिथून उठली तिथं स्वतः जाऊन बसवून या. रजा सहा दिवस. पुढच्या वर्षीच्या सुटीतून कापून."

"म्हंजे काय रे बाप्पा?"

"म्हंजे येऊन राह्यलो."

गोपाल आला तेव्हा नव्या मुरुमावर बावीस मुली उभ्या होत्या. साहेब येत नाहीत हे विमलताईंनी आदल्या दोन दिवसांत घरोघर जाऊन, हात जोडून सांगितलं होतं. पण बसवलेलं गाणं वाया घालवायला मास्तर तयार नव्हते. रामीबाई आरशांचा फेटिया घालून सगळ्यांच्या पुढे. "साहेब नाही तर नाही," ती म्हणाली आणि तांड्याच्या रीतीप्रमाणे गोपालच्या गळ्यात पडून सुरात रडायला लागली. तिचं रडणं इतकं लांबलं की विमलताईंचा नंबर येईतो त्यांचं रडू ओसरून गेलं होतं. त्यांनी पोराचा हात धरला आणि विचारलं, "वाळला काहून एवढा?"

आता त्या थापेपायी कुणी काय भरलं, ते सांगून टाकलेलं बरं. सरपंचांचा मुरूम गेला. धम्मरत्नला चौथ्या पानावर खुलासा छापावा लागला. गोपालची पुढच्या वर्षीची सुटी गेली. विमलताईंनी गावभर हात जोडले. रामीबाईचं काहीच गेलं नाही. तिला बोलायला वर्षभराचा विषय मिळाला.

मारोतराव मात्र त्या एका 'हो'चं अजून भरताहेत. गोपालला गाडीत बसवून दोघं घरी आले, जेवायला बसले. "वांगं बरं झालं ना?" विमलताईंनी विचारलं.

"फस्क्लास," मारोतराव म्हणाले.

विमलताईंनी घास घेतला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भाजीत मीठ टाकायचंच राहिलं होतं.