मोना, भोंगा आणि सतरा नंबरची सायकल

पेपरात माझा फोटो येणार म्हणजे येणारच, असं मी शुक्रवारीच क्रांतीला सांगून टाकलं होतं. क्रांती म्हणजे माझी बायको. ती कांदा चिरत होती.

"कुठल्या पानावर? निधनवार्तेच्या?"

अशा बायकोबरोबर चौदा वर्षं संसार केलेला माणूस चिखलाला भिईल का? शर्यत चिखलातलीच होती. सायक्लोक्रॉस! हा शब्द आमच्या मंगळवार पेठेत आणला आदर्शनं. आदर्श दातांचा डॉक्टर, पण बोलतो सगळं सायकलवरच. चिखलातनं सायकल हाणायची, आडवी फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, बांध चढायचा आणि परत सीटवर बसायचं.

"म्हणजे पावसाळ्यात आपण शाळेला जायचो तसंच की!" मी म्हणालो.

"व्हय. आता फक्त हेल्मेट घालून."

रान दिलं पिराजीनं. पिराजी माझा बालवाडीपासूनचा दोस्त. पंचगंगेपलीकडं त्याचं रान आणि म्हशींचा गोठा. भुईमूग निघाला होता, परवाच पाऊस झाला होता, चिखल असा की बघूनच आदर्शच्या डोळ्यांत पाणी आलं. पिराजीची अट एकच.

"माझी मोना गोठ्यात बांधलीया. पाडवा आठ दिसांवर हाय. तिला काय झालं न्हाय पायजे."

कोल्हापूरबाहेरच्या पावण्यांसाठी सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर काढतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागनं पळत! पिराजीच्या आज्ज्यापासून त्यांच्या घराचा एक पाडवा चुकलेला नाही. मोनाची शिंगं तर मागं वळून पार खांद्याला टेकलेली. पिराजी रोज त्यांना तेल लावून चोळायचा. स्वतःच्या डोक्याला त्यानं दहावीनंतर तेल लावलेलं मला तरी आठवत नाही.

"तिचं शिंग मोडलं तर मिरवणुकीत मी काय घिऊन जाऊ? तुला?"

"भावा, मोनाच्या केसालाबी धक्का लागणार न्हाय. माझा शब्द!"

शनिवारी सराव झाला. मी अकरा वेळा पडलो, पण खरी अडचण वेगळीच होती. पुढचे वाट देत नव्हते! माझ्या सायकलला घंटी नव्हती. तेवढ्यात गोठ्यातल्या खुंटीवर एक जुना रबरी भोंगा दिसला. दाबला की पों वाजणारा! पिराजी धारा काढत होता. एवढ्याशासाठी त्याला कशाला उठवायचं? घेतला आणि तारेनं सायकलला बांधला.

रविवारी सकाळी अठराजण रांगेत उभे राहिलो. माझा नंबर सतरा, पिवळाधमक शर्ट. फेऱ्या मोजायला क्रांती वही घेऊन शेवटच्या रेषेवर टेबल टाकून बसली होती. शिट्टी वाजली! दोन फेऱ्या मी शेवटून दुसरा होतो, ते सोडा. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीला गोठ्यामागनं जाताना मी भोंगा दाबला. पों! पों! पुढचे दोघे पटापटा बाजूला झाले. काय सांगू, अंगात बारा हत्तींचं बळ आलं!

आणि मागनं श्वास ऐकू यायला लागला. फुस्स... फुस्स...

"काय डॉक्टर, दम लागला व्हय?" मागं न बघताच मी ओरडलो.

बांधावरची माणसं हात हलवायला लागली. "इज्या! मागं बघ! मागं!" आता मागं बघणारा कधी पहिला येतो का? मीही हात हलवला आणि परत भोंगा दाबला. तेवढ्यात आदर्श दिसला. पुढं! सायकल टाकून आंब्याच्या झाडावर चढताना!

मग मागं कोण होतं?

मी वळून बघितलं. मोना! गळ्यात तुटलेलं दावं, नाकपुड्या फुललेल्या आणि तोंडावर असलं प्रेम, जे क्रांतीच्या तोंडावर मी लग्नाच्या अल्बममध्ये शेवटचं बघितलंय.

अशा वेळी माणूस मदतीसाठी काय करेल? मी भोंगा वाजवला. मोना दुप्पट जोरात सुटली.

"भोंगा सोड, मुडद्या!" पिराजी धोतर सावरत... म्हणजे बर्म्युडा सावरत पळत येत होता. "भोंग्यावर पळायला शिकवलंय तिला! सहा म्हैनं! पेंड चारून!"

सोडला! पण समोर बांध आला. सवयीनं सायकल खांद्यावर टाकली आणि भोंगा बरोबर काखेत आला. पाऊल टाकलं की पों. दुसरं टाकलं की पों.

"वाचवा! पों! वाचवा! पों!"

बांधाच्या माथ्यावर पाय घसरला. मी अलीकडं, सायकल पलीकडच्या म्हशींच्या डबक्यात आणि भोंग्यामागं मोनाही डबक्यात! भोंग्यानं शेवटचं एकदा 'पुक्' केलं. मोना मानेपर्यंत चिखलात बसली आणि तिनं डोळे मिटले.

पिराजी पोचला. बघत राहिला.

"इज्या, डावं शिंग कुठं हाय?"

खरंच नव्हतं! उजवं दिसत होतं, डावीकडं नुसता चिखलाचा गोळा. पिराजी बांधावर मटकन बसला. त्यानं मला शिवी दिली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिली नाही! शब्द मी दिला होता, भोंगा मी चोरला होता आणि आज्ज्यापासूनचा पाडवा मी घालवला होता. मला रडायलाच यायला लागलं.

पिराजीनं हाका मारल्या. मोना ढिम्म. पेंड दाखवली, मोटारसायकल आणून गुरकावली. ढिम्म! शेवटी मीच आत उतरलो, म्हटलं, शिंग चाचपून तरी बघावं. दोन पावलं टाकली आणि पाय कशात तरी अडकला. कायतरी धरतंय! मी बेंबीच्या देठापासून बोंबललो.

"वाचवाऽऽऽ!"

मोनाचे कान उभे राहिले. ती उठली. तिच्याबरोबर माझी सायकलही उठली, माझा पाय तिच्या चाकातनं सुटला. सायकल मोनाच्या डाव्या शिंगात अडकली होती, वर चिखल थापलेला. मी पळालो, बोंबलत! मोना मागं. मी जितका बोंबललो, तितकी ती खूश. फळ्यांवरनं, चिखलातनं, थेट क्रांतीच्या टेबलापुढं!

पिराजीनं तिला धरलं, सायकल सोडवली आणि बनियन काढून शिंग पुसलं. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. पाय बघितले.

"हाय! शाबूत हाय रं! एक ओरखडा न्हाय!"

त्यानं आधी मोनाला मिठी मारली, मग मला. चिखलात लोळून मी हसत होतो का रडत होतो, देव जाणे. आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. बारावी सुटलो तेव्हासुद्धा नाही!

"आणि मी पोचलो की! बाकीचे तर झाडांवर हायत! पहिला!" मी क्रांतीला म्हणालो.

"तुमी पोचलासा मोकळ्या हातानं," क्रांती वहीतनं डोकं वर न काढता म्हणाली. "सायकल उचलून आणली तरी चालतंय, असं तुमीच काल चार वेळा सांगितलासा की. उचलून कुणी आणली?"

आणि तिनं पहिल्या नंबरावर लिहिलं, 'मोना.'

बुधवारी पिराजी दारात उभा.

"नवा भोंगा आणला. ती तोंड फिरवती. मोटारसायकलकडं बघत न्हाय." तो जरा घुटमळला. "इज्या, तिला तुझं बोंबलणंच पायजे रं."

शब्द दिलेला माणूस काय करणार? पाडव्याला पिराजी मिरवणुकीत मलाच घेऊन गेला. मोटारसायकलवर मागं तोंड करून बसलो, डोक्याला फेटा, आणि सगळा रस्ता "वाचवा! वाचवा!" मागनं मोरपिसं लावलेली मोना, दोन्ही शिंगं लखलखीत. टाळ्या तर थांबेनात!

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पहिल्या पानावर, तीन कॉलमी! मी बोललो होतो ना? मोना झकास आलीय. तिच्यापुढं आ वासलेला मी आहे. खाली नावही छापलंय.

मोनाचं.