विसोबा साळिंदराच्या विमानाची गोष्ट

मुलांनो, मांडी घालून बसा आणि मधे बोलू नका.

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यातलं सगळं कळत असे. एकाला विचारावं तर दहा जण सांगायला येत. कोणालाच विचारलं नाही तर वीस.

त्या जंगलात विसोबा साळिंदर राहत होता. स्वभावाने फार भिडस्त. कोणी अंगावर धावून आलं तरी तो आधी 'माफ करा हं' म्हणे आणि मग काटे उभारी.

त्याची थोरली बहीण, भामाक्का, दरीपलीकडच्या रानात दिली होती. दरीला वळसा घालून जायचं तर बावीस दिवसांची चाल. एके दिवशी घारीने निरोप आणला. "अक्का पडली. पाय मोडलाय. आता माझं येणं व्हायचं नाही, विसू, तूच येऊन जा, म्हणाली."

विसोबा लगेच निघाला. नवव्या दिवशी त्याचे गुडघे सुजले आणि तो लंगडत परत आला. चार दिवस बिळात पडून राहिला. पाचव्या दिवशी उठला आणि त्याने घरी जोडायचं विमान मागवलं.

तीन खोकी आली. लाकडाच्या पट्ट्या, कापड, इंजिन, गोंदाचे डबे आणि दोनशे पानांची पुस्तिका. खोकी उघडायच्या आधीच अंगणात गर्दी जमली.

वानर बापूने सगळ्या पुड्या फोडल्या आणि नट, बोल्ट, खिळे, वायसर एकाच ढिगात ओतले. "डोळ्यांसमोर असलं की सापडतं," तो म्हणाला. मोराने पंखांच्या पट्ट्या पाहून नाक मुरडलं. "हे हलत नाहीत? मग उडणार कसं?" दौलतराव गव्याने बैठकीवर एक पाय ठेवून पाहिला. "फळी जाड घाल. उद्या मी बसलो तर?"

विसोबा सगळ्यांना "हो, हो" म्हणाला. आणि वाईट गोष्ट अशी, की त्याने सगळ्यांचं ऐकलंही.

नटबोल्ट निवडण्यात सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सागाच्या फांदीवर टकूबाई सुतारपक्षी येऊन बसली. लाकडातलं तिला कळत असे, पण ती कधी कोणाला सांगायला जात नसे. म्हणून जंगलात तिला कोणी हुशार समजत नव्हतं.

"पुस्तिका वाचलीस?" तिने विचारलं.

"पहिली चार पानं."

"शेवटपर्यंत वाच. मग हत्याराला हात लाव."

विसोबाने बारा दिवस नुसतं वाचन केलं. गर्दी कंटाळून पांगली. मग टकूबाई रोज सकाळी तासभर येऊ लागली.

"प्रत्येक मापाचा नट वेगळ्या डब्यात. डब्यावर चिठ्ठी. पट्ट्या आधी नुसत्या जुळवून बघ, सगळ्या बसल्या की मगच भोक पाड. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही."

जुळवलेल्या पट्ट्या धरायला टाचण्या हव्या होत्या. विसोबाने स्वतःचे गळलेले काटे वापरले. ते इतके चपखल बसले, की टकूबाईने चोच उघडली आणि काही न बोलता मिटली. तिच्याकडून ही मोठीच शाबासकी होती.

"बोल्ट पुस्तिकेत दिलाय तेवढाच आवळ. आवळून झाला की त्यावर लाल रेघ ओढ. रेघ नसेल तर तो बोल्ट आवळलेलाच नाही, असं समज. आणि गोंद कालवशील तेव्हा त्याच गोंदाने लाकडाच्या दोन चपट्या चिकटवून बाजूला ठेव. दुसऱ्या दिवशी मोडून बघ. लाकूड तुटलं पाहिजे, जोड सुटता कामा नये."

विसोबा रोज तासभर काम करी. जास्त नाही, पण एक दिवसही चुकवत नसे. चार महिन्यांत डावा पंख उभा राहिला.

एका दुपारी हैबतराव अस्वल आला. त्याला विसोबाची दया आली. "अरे, हा कसला कोरडा गोंद! यात थोडा मध घाल. माझं सगळं घर त्यावर उभं आहे." आणि विसोबा माफ करा म्हणेपर्यंत त्याने मध ओतलाही. त्या गोंदाने त्या दिवशी उजव्या पंखाच्या नऊ फासळ्या बसल्या. कशा बसल्या म्हणता! दिसायला सुरेख.

दुसऱ्या दिवशी विसोबाने चपट्या हातात घेतल्या. त्या मोडाव्या लागल्याच नाहीत. आपणहून सुटल्या.

विसोबा पंखाशेजारी मटकन बसला. "वरून तर छान दिसतोय," तो पुटपुटला. "कदाचित टिकेलही."

टकूबाईने फासळीवर टकटक केलं. आवाज भद्द आला. "टिकेलही," ती म्हणाली. "दरीच्या मध्यापर्यंत."

"अक्का वाट बघतेय गं. अजून किती दिवस?"

"जिवंत पोचशील तितके दिवस."

विसोबा रडला. साळिंदर रडताना फार वाईट दिसतं, त्याचे काटे खुळखुळतात. मग त्याने डोळे पुसले, पंख उलटा केला आणि एकेक फासळी आपल्या हाताने उपटून काढली. त्याच संध्याकाळी त्याने गव्याची जाड फळीही काढली. गवा विचारायला आला तेव्हा विसोबा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "नाही. वजन जुळत नाही."

गव्याला इतकं वाईट वाटलं, की त्याने हे साऱ्या जंगलाला सांगितलं. "विसोबा आता कोणाचं ऐकत नाही. शेफारलाय."

पुढची दोन वर्षं विसोबाशी कोणी फारसं बोललं नाही. त्यामुळे काम झपाट्याने झालं.

विमान तयार झाल्यावर त्याने ते वजनकाट्यावर ठेवून तोललं, नाक जड की शेपूट हे पाहिलं. महिनाभर मैदानात नुसतं पळवलं. मग गवताच्या वर हातभर उडवून खाली ठेवलं. असं कितीदा केलं कोण जाणे. आणि एका स्वच्छ सकाळी त्याने अंगावर गोधडी बांधली, कारण विमानाच्या कापडाला काटे लागून चालणार नव्हतं, आणि तो दरीवरून निघाला.

बावीस दिवसांची वाट अकरा मिनिटांत संपली.

भामाक्का काठी टेकत बाहेर आली. ती बराच वेळ विमानाकडे बघत होती, मग भावाकडे. "हे तू केलंस? तुला तर पोळपाटसुद्धा सरळ धरता येत नव्हता."

"चुकलं की मोडायचं, अक्का. एवढंच शिकलो."

तो तिथे आठ दिवस राहिला. तिच्या पायाला तेल चोळलं, दोघांनी मिळून कंदमुळं खाल्ली, वारलेल्या आईवडलांच्या गोष्टी काढल्या. नवव्या दिवशी पुन्हा येतो म्हणून निघाला.

आपल्या जंगलावर येतो तो काय, मैदानभर मंडप! विसोबाला भरून आलं. आपल्यासाठी एवढं! तो जरा खाली आला आणि त्याने फलक वाचला. 'विमान मार्गदर्शकांचा भव्य सत्कार'.

व्यासपीठावर हैबतराव शाल पांघरून गोंदावर बोलत होता. शेजारी गवा, मोर आणि बापू हार घालून बसले होते. विमान घिरट्या घालताना पाहून सगळे उभे राहिले. "पाहा, आम्हाला मानवंदना द्यायला आलाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मोर ओरडला, "पंख हलव!"

टकूबाई उडत शेजारी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"मंडप कधी काढणार?" विसोबाने विचारलं.

"पंधरा दिवस तरी नाही. सल्ला देणाऱ्यांची यादी अजून संपलेली नाही."

पेट्रोल बेताचंच होतं. विसोबाने गोधडी सावरली आणि विमान वळवलं.

अक्का अंगणातच होती. "परत आलास?"

"तिकडे उतरायला जागा नाही."

"बरं झालं," अक्का म्हणाली आणि त्याच्यासाठी चटई पसरू लागली.

तात्पर्य: मुलांनो, विमान कधी बांधू नये. जो बांधतो त्याला जंगल सोडावं लागतं, आणि जो सांगतो त्याला शाल मिळते, हार मिळतो, वर मंडपाची सावली मिळते. आता हात वर करा पाहू, मोठेपणी विमान कोणाला बांधायचंय? कोणालाच नाही? शाबास. पहिल्या रांगेत येऊन बसा.