जंतूंच्या दिव्याखाली नवरदेव

ऐक, मध्ये बोलू नको, नुसतं ऐक!

आमच्या धुळ्याच्या दवाखान्यात जंतू मारायचा दिवा आलाय, थेट मुंबईहून! आपरेशनच्या खोलीत लावलाय. डॉक्टरांनी मला बजावलं, "बटण दाबायचं, दार ओढायचं, बाहेर व्हायचं! दिवा चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही!"

मला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी फैजपूरला मुलगी बघायला जायचं, आणि तोंडावर ही मुरुमं! माझं डोकं चाललं. जो टायफॉईडचे जंतू मारतो, त्याला माझी मुरुमं काय जड? बसलो की स्टुलावर, तोंड वर करून, चांगला तासभर! काय तो निळा उजेड! बाहेर आलो तो राजपुत्रच!

पहाटे डोळ्यांत कुणी तापीची वाळू ओतलेली! तोंड ठेचलेल्या मिरचीसारखं! डॉक्टर कडाडले, "गाढवा, तो दिवा जंतू कोण अन् माणूस कोण, हे विचारत नाही! दोन दिवस अंधारात पड!"

पण फैजपूरला मुलीचे वडील, केळीवाले तोताराम आबा, वाट बघत होते ना! झुलालमामाने मला एस्टीत कोंबलं. डोळ्यांना नुसत्या धारा! शेजारची बाई मामाला हळूच, "कोण वारलं हो?"

बैठकीत आबांनीही विचारलं, "पावणे रडतात का?"

मामा म्हणे, "पोरगा हळवा शे, आबा!"

तेवढ्यात बांगड्या वाजल्या, पोह्यांचा वास आला. समोर हिरवं लुगडं, बाकी सगळं धुकं! मी ठणकावून सांगितलं, "मुलगी पसंत!"

हिरवं लुगडं दोन पावलं मागे सरलं!

"अहो, मी तिची आत्या, धुरपदाबाई!"

आणि दाराकडून असं खळखळून हसू आलं, अरे, मी खलास! "आत्या, आता तूच घाल माळ!"

"शेवंता, गप!" आबा कडाडले. मग माझ्याकडे वळले, "नीट बघा अन् सांगा!"

मी दिव्याचं सगळं ओकलो. म्हटलं, "आबा, दिसत काहीच नाही. पण हसणं ऐकलं. पसंत!"

तर शेवंता काय म्हणाली असेल? "मला मात्र सगळं दिसतंय! तोंड निवलं की परत या, मग मी सांगते!"

आणि आता हे तोंड पिकल्या केळीसारखं सोलतंय! गेलो होतो पसंत करायला, आलो उमेदवार होऊन! तू हसतोस काय? सांग ना, माझ्या जागी तू काय केलं असतंस?