काकवी लावलेली म्हैस

पंच्याण्णव सालची गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात बीएस्सीला असलेली स्वप्नाली कळसला घरी आली आणि चहाच्या आधीच सुरू झाली. पुढं पुण्याला एमेस्सी करायची तर आबांना पटवायला नको? आबा, म्हणजे तिचे वडील कुंडलिकराव, गोठ्यात चंद्री म्हशीच्या गोचिडी वेचत बसले होते. दोन दिवसांनी तिला इंदापूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात न्यायची होती.

"आबा, माझा प्रोजेक्ट तर ऐका! आपल्या पेशीच्या अंगावर साखरेची बारीक लव असती. जंतू ती साखर वळखून पेशीला चिकटतो. पण तीच साखर आपण बाहेरून सोडली की त्याचं हात तितंच गुततात. पेशीला धरायला हातच मोकळा ऱ्हात न्हाय!"

आबांचा हात थांबला. "आन गोचीड?"

"तिचं येगळं असतंय, आबा."

"काय येगळं? चिकटतीच की! जंतू बारीक, त्याला चिमूटभर. गोचीड मोठी, तिला बादलीभर. म्हस साफ झाली तर जा पुण्याला. न्हायतर पणदऱ्याचं स्थळ हायच."

नको म्हणावं तर पुणं जातंय, हो म्हणावं तर शास्त्र जातंय. स्वप्नालीनं शास्त्र जाऊ दिलं.

सकाळी आबांनी चंद्रीला शिंगापासून शेपटीपर्यंत काकवी चोपडली. गोचिडी जागच्या हलल्या नाहीत, पण माश्या आल्या. मग मुंगळे आले. चंद्रीनं शेपटी झटकली ती थेट आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर. वैतागून म्हैस भुशात लोळली आणि नखशिखांत भुसा लेवून उठली.

शेजारच्या फुलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "कुंडलिकराव, अस्वल कवा आनलं वो?"

स्वप्नालीला वाटलं, संपलं पुणं! तेवढ्यात फुलाबाईंच्या कोंबड्या मुंगळ्यांच्या मागं धावल्या, चंद्रीच्या पाठीवर चढल्या, आणि मुंगळे टिपता टिपता कानामागच्या, कासेजवळच्या गोचिडीही टिपू लागल्या. संध्याकाळी म्हैस धुतली तर काळीभोर, चकाचक! औषधाला गोचीड सापडेना.

प्रदर्शनात जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं हो हिला?"

आबांनी लेकीला पुढं ढकललं. "माझ्या पोरीचा शोध हाय! सांग गं!"

पन्नास माणसं कान टवकारून उभी. स्वप्नाली म्हणाली, "साखरेनं एकबी सुटली न्हाय, डॉक्टर. शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ल्या."

असा हशा पिकला की चंद्रीसुद्धा दचकली. चंद्रीला टेम्पोत चढवून आबा लेकीसोबत एसटीत बसले.

मग हळूच म्हणाले, "म्हंजी तुझा परयोग फसला?"

"फसला, आबा."

"काकवी वाया गेली?"

"गेली."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग जा पुण्याला."

"आँ?"

"आर्ध्या शिक्षणात म्हशीचं अस्वल झालं. पुरं शिकून ये बाई, न्हायतर गावात एक जनावर धड ऱ्हायचं न्हाय."